बूट होत नाही म्हणून फॉरमॅट? का म्हणून?

लॅपटॉप चालू होत नाही, दुकानात नेला, आणि समोरच्याने स्क्रीनकडे दोन मिनिटं बघून "फॉरमॅट मारावा लागेल" असं सांगितलं. आपल्या नाशकात हे रोज घडतं. ज्यांच्या मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत, त्यांना तर हे वाक्य मशीन टेबलावर ठेवायच्या आत ऐकायला मिळतं. आज या वाक्याविरुद्ध लिहायचंय. पोस्ट मोठी आहे. शिव्या द्यायच्या असतील तर खुशाल द्या, पण पूर्ण वाचून द्या.

निमित्त सांगतो. निफाडकडची एक मुलगी, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. घरात लॅपटॉप एकच. पुणे विद्यापीठाच्या लॅबच्या अभ्यासक्रमात ओपन सोर्स लिनक्स वापरा अशी शिफारस असते, म्हणून तिने विंडोजच्या शेजारी उबुंटू टाकलेलं. सेमिस्टर संपली, डिस्क भरत आली, तर धाकट्या भावाने विंडोजमध्ये जाऊन लिनक्सचं पार्टिशन उडवून टाकलं. रीस्टार्ट केल्यावर काळा स्क्रीन, वर 'ग्रब' असं काहीतरी आणि लुकलुकणारा कर्सर. पोरं घाबरली आणि दुकानात गेली.

दुकानदार म्हणाला, डेटा जाईल. ती म्हणाली, डेटा महत्त्वाचा आहे, तेवढा काढून द्या. त्यावर उत्तर आलं, "अगं, मशीन बूटच होत नाहीये, तर डेटा कुठून काढू?" सहाशे रुपये घेतले आणि सगळी डिस्क पुसून नवं विंडोज टाकून दिलं. त्या डिस्कवर तिच्या प्रोजेक्टबरोबर वडिलांच्या द्राक्षबागेच्या फवारणीच्या तीन हंगामांच्या नोंदी होत्या. कोणतं औषध, किती तारखेला, किती मात्रेत. एक्स्पोर्टचा माल करणाऱ्याला या नोंदींची किंमत काय असते ते मी निफाड-दिंडोरीच्या वाचकांना सांगायला नको. मशीन माझ्याकडे आलं ते हे सगळं झाल्यावर. दोन रात्री रिकव्हरीची साधनं चालवून पाहिली. हाती काही लागलं नाही. एसएसडीवर असं होतं. फॉरमॅट करताना विंडोज त्या डिस्कला 'ही जागा आता रिकामी समज' असं कळवतं आणि डिस्क आतल्या आत साफसफाई करून मोकळी होते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर पुसलेलं बऱ्याचदा परत मिळायचं. तो जमाना गेला.

आता त्या मशीनला खरं काय करायला हवं होतं ते ऐका. बंद करायचं. चालू करताना एफ१२ दाबत राहायचं. डेलला, लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९, असूसला बहुतेक वेळा एस्केप. एक छोटी यादी येते. त्यात 'विंडोज बूट मॅनेजर' निवडायचं आणि एंटर. झालं! विंडोज जसंच्या तसं उघडलं असतं, फवारणीच्या नोंदींसकट. मग आत जाऊन त्या यादीत विंडोज पहिल्या नंबरला ठेवायचं, म्हणजे रोज एफ१२ दाबायला नको. चहा निवायच्या आत होणारं काम आहे.

"बूट होत नाही तर डेटा कुठून काढू" हे वाक्य म्हणूनच मला सगळ्यात जास्त झोंबतं. ते धादांत खोटं आहे. बूट न होणं आणि डेटा जाणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. कुठलंही लिनक्स पेन ड्राइव्हवर घालून त्यावरून मशीन चालू करा. आतल्या डिस्कवर एक अक्षरही न लिहिता ते चालतं, आणि तुमच्या फायली समोर दिसतात. बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि मग काय गोंधळ घालायचा तो घाला. दुकान चालवणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल तर त्याने दुकान चालवू नये. माहीत असूनही तो तसं सांगत असेल, तर त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

थोडं तांत्रिक सांगतो, कारण हे समजल्याशिवाय समोरच्याशी भांडता येत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या जवळपास सगळ्या मशीनमध्ये यूईएफआय नावाची व्यवस्था असते. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये एक यादी असते: कोणकोणत्या सिस्टिम आहेत आणि कोणाला आधी हाक मारायची. डिस्कवर एक चिमुकलं पार्टिशन असतं, शंभर ते काहीशे एमबीचं. विंडोजला उठवणारी फाइल आणि लिनक्सला उठवणारी फाइल, दोघी तिथे आपापल्या फोल्डरमध्ये शेजारी शेजारी राहतात. ड्युअल बूटच्या मशीनवर "बूट होत नाही" अशी तक्रार आली की बहुतेक वेळा एवढ्याच भागात काहीतरी हललेलं असतं. यादीतला क्रम बदलला, नोंद गळाली, किंवा फाइल खराब झाली. तुमचे फोटो, हिशोब, प्रोजेक्ट, सातबाराचे स्कॅन हे सगळं दुसऱ्याच पार्टिशनवर, शेकडो जीबींत, सुखरूप असतं. दारावरची पाटी पडली म्हणून वाडा पाडायचा, असा हा फॉरमॅटचा उपाय आहे. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

पाटी का पडते याची कारणंही फार नाहीत. विंडोजचं मोठं अपडेट आलं की ते कधी कधी स्वतःला यादीत पहिलं करून घेतं. लिनक्स गेलं असं वाटतं, पण ते जागेवरच असतं. बायोसचं अपडेट केलं की काही मशीनवर यादीच कोरी होते. उलटंही घडतं. लिनक्सचं अपडेट झालं आणि निवडीच्या मेनूतून विंडोज गायब. याचं कारण तर कोणाला सांगितलं तरी खरं वाटत नाही: २०२१ मध्ये ग्रबची २.०६ आवृत्ती आली, तेव्हापासून दुसऱ्या सिस्टिम शोधायचं काम सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद ठेवलेलं असतं. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ बदलून मेनू पुन्हा बनवला की विंडोज हजर. विंडोजची उठवणारी फाइल खरोखरच खराब झाली असेल, तर विंडोजच्याच पेन ड्राइव्हवरून 'बीसीडीबूट' ही आज्ञा दिली की ती नव्याने लिहिली जाते. ग्रब बिघडलं असेल तर लाइव्ह लिनक्समधून ते पुन्हा बसवता येतं. आज्ञा लिहायचा कंटाळा असेल तर 'बूट-रिपेअर' नावाचं फुकटचं साधन आहे, बटण दाबून काम करतं. आणखी एक नमुना: लिनक्स टाकताना इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही म्हणून कोणीतरी बायोसमध्ये डिस्कचा मोड आरएसटीवरून एएचसीआयवर नेतो, आणि पुढच्या वेळी विंडोज निळा स्क्रीन दाखवून लोळण घेतं. सेटिंग पूर्वीसारखी केली की ते उठून बसतं. यातल्या एकाही आजाराला फॉरमॅट हे औषध नाही.

एक गंमत सांगतो, गंमत म्हणजे ज्याचे पैसे गेले त्याला नाही वाटणार. लिनक्समध्ये काम करून विंडोजमध्ये आलं की घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे पडतं. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोजला वाटतं ती इथलीच वेळ आहे. भारताचा फरक साडेपाच तासांचा, म्हणून नेमके साडेपाच. एका काकांना या कारणासाठी दोन वेळा मदरबोर्डचा सेल बदलून दिलेला मी पाहिला आहे. सेल संपलेला असता तर घड्याळ कुठल्या कुठे भरकटलं असतं, दर वेळी मोजून साडेपाच तास कसं चुकेल? एवढा साधा प्रश्न पडायला इंजिनिअर असावं लागत नाही.

आता सगळा राग दुकानदारांवर काढून मोकळं व्हायचं, तर ते 'चोर सोडून संन्याशाला फाशी' होईल. (अगदी संन्यासी नसले तरी.) कंपन्यांकडे बघू.

१३ ऑगस्ट २०२४ ला विंडोजचं नेहमीचं मासिक सुरक्षा अपडेट आलं. त्यानंतर जगभरातल्या ड्युअल बूटवाल्यांच्या मशीनवर लिनक्स निवडलं की इंग्रजीत एक वाक्य यायला लागलं, ज्याचा अर्थ एवढाच की काहीतरी फार गंभीर बिघडलं आहे. आणि मशीन बंद. उबुंटू, मिंट, डेबियन, झोरिन, सगळ्यांकडून तक्रारी. काय झालं होतं? ग्रबमध्ये २०२२ मध्ये एक भोक सापडलं होतं, ज्यातून सिक्युअर बूटची राखण चुकवता येत होती. ते बुजवायला म्हणून जुन्या ग्रबला मशीनवर चालूच द्यायचं नाही, असा नियम मायक्रोसॉफ्टने अपडेटमधून मदरबोर्डमध्ये उतरवला. स्वतः मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं की ड्युअल बूटच्या मशीनवर हा नियम लागू होणार नाही. तरी लागू झाला, कारण ड्युअल बूट ओळखायची त्यांची पद्धत सगळीकडे चालली नाही. तात्पुरता उपाय त्यांनी काही दिवसांत दिला, पुढच्या महिन्याच्या अपडेटमधून तो नियमही काढला. पण कायमची दुरुस्ती आली मे २०२५ मध्ये. नऊ महिने!

भोक बुजवू नये असं मी म्हणत नाही. लिनक्सवाल्यांपैकीही काहींनी आपल्या फाइली वेळेवर नव्या केल्या नव्हत्या, तोही दोष आहेच. माझं म्हणणं वेगळं आहे. मशीन माझं, पैसे माझे, त्यावर दुसरी सिस्टिम टाकायचा निर्णय माझा. असं असताना एका भाडेकरूने रात्रीतून घराच्या मुख्य दाराचं कुलूप बदलावं, दुसरा भाडेकरू बाहेर अडकावा, आणि घरमालकाला सकाळी कळावं, ही कुठली पद्धत? एवढा मोठा बदल करण्याआधी स्क्रीनवर एक वाक्य दाखवायला काय हरकत होती? "या मशीनवर दुसरी सिस्टिम असेल तर थांबा." एवढंच.

ज्यांना आजही हा त्रास आहे त्यांच्यासाठी इलाज लिहून ठेवतो. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा, लिनक्समध्ये जा, टर्मिनलमध्ये मोकयूटिल या साधनाने एसबॅटचा नियम पुसा, रीस्टार्ट करा, लिनक्सचं अपडेट पूर्ण करा आणि सिक्युअर बूट परत चालू करा. बंद करून तसंच ठेवू नका.

पण थांबा, सिक्युअर बूटला हात लावायच्या आधी एक काम आहे आणि ते चुकवलं तर खरोखर रडायची वेळ येते. नव्या विंडोज ११ च्या बहुतेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. अनेकांना हे झालेलं माहीतही नसतं. बायोसमधली सिक्युअर बूटची सेटिंग बदलली की विंडोजला संशय येतो आणि ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. की तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते. पण ते खातं कोणत्या ईमेलचं? लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या पोऱ्याने स्वतःच काहीतरी ईमेल टाकून सेटअप करून दिला होता, पासवर्ड त्यालाही आठवत नाही. मग डिस्क असून नसल्यासारखी. म्हणून मशीन चालू आहे तोवर, म्हणजे आजच, आपल्या खात्यात जाऊन ती की बघा, कागदावर लिहा आणि घरच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा. मोबाइलमध्ये फोटो चालेल, त्याच लॅपटॉपवर ठेवलात तर मात्र कपाटाची किल्ली कपाटात.

आता दुकानदारांची बाजू. ती मला माहीत आहे, कारण त्यांच्यातले बरेच मित्र आहेत. फॉरमॅटचा दर ठरलेला असतो, पाचशे-सहाशे. पेन ड्राइव्ह लावला की मशीन आपलं आपण काम करतं, तोवर दुसरी तीन गिऱ्हाइकं होतात. उलट नेमकं काय बिघडलंय हे शोधायला अर्धा-पाऊण तास जातो आणि शेवटी दोन बटणं दाबून मशीन चालू झालं की गिऱ्हाईक म्हणतं, "एवढ्याचे पाचशे?" हे आपलं पाप आहे, ते मान्य करा. डोक्याला पैसे द्यायचे नाहीत आणि घामाला द्यायचे, ही आपली सवय. त्यामुळे ज्याला येतं तोही फॉरमॅटच मारतो. एक जण मला हसत म्हणाला, "दोन बायका, फजिती ऐका. लिनक्स टाकलंच कशाला?" अरे बाबा, टाकलं कारण अभ्यासक्रमात आहे. टाकलं कारण जुन्या मशीनवर ते हलकं चालतं. टाकलं कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला आणि त्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही. प्रत्येकाकडे नव्या लॅपटॉपला पन्नास हजार नसतात. पुढच्या काळात असे दोन-दोन सिस्टिमवाले लॅपटॉप वाढणार आहेत. तुम्ही शिकणार की हसणार?

आणि शिकवणार कोण? एमएस-सीआयटी २००१ मध्ये सुरू झालं, आज क्वचितच एखादं घर असेल जिथे ते प्रमाणपत्र नाही. घरातल्या प्रमाणपत्रवाल्याला एकदा विचारून बघा, मशीन सुरू होताना पहिल्या पाच सेकंदांत आत काय होतं. केरळात सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर चालतात, तिथलं सरकार शाळांसाठी स्वतःची लिनक्सची आवृत्ती काढतं, मास्तरांना प्रशिक्षण देतं. आपल्याकडे सीडॅकचं मुख्यालय पुण्यात आहे, आणि याच सीडॅकने २००७ मध्ये 'बॉस' नावाचं भारतीय लिनक्स आणलं. आपल्या किती शाळांच्या संगणकखोलीत ते पाहिलंय? संगणकखोलीला कुलूप असतं आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे, हे बऱ्याच ठिकाणचं चित्र मी वेगळं सांगत नाही. आयटीआयमध्ये मोटार खोलून शिकवतात, पंपाची वाइंडिंग करून घेतात, मग बिघडवलेला लॅपटॉप समोर ठेवून "डेटा न घालवता चालू करून दाखव" अशी परीक्षा का घेता येत नाही? याला निधी लागत नाही. भंगारातली चार मशीनं आणि चार पेन ड्राइव्ह लागतात.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टलही काढलं. सुरुवातीला चार क्षेत्रं घेतली: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. चांगलं आहे. पण तिथली भाषा सुट्या भागांची आणि सर्व्हिस सेंटरची आहे. पार्ट मिळाला तरी दुरुस्त करणाराच तुमची तीन वर्षं पुसून टाकणार असेल तर त्या हक्काचं काय लोणचं घालायचं?

तोवर हातात असलेला कायदा वापरा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्यात सेवेतल्या कमतरतेची व्याख्या आहे. निष्काळजीपणामुळे ग्राहकाचं नुकसान झालं तर ती कमतरता, आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवली तर तीही कमतरता. "डेटाची जबाबदारी आमची नाही" असा रबरी शिक्का पावतीवर मारला म्हणजे सगळं माफ, असं कोणी समजू नये. पण त्यासाठी तुमच्याकडे कागद हवा. मशीन देताना पावतीवर लिहून घ्या: "दोन सिस्टिम आहेत. बूटची अडचण. डेटा ठेवायचा आहे. ग्राहकाच्या लेखी परवानगीशिवाय फॉरमॅट करू नये." खाली त्याची सही. तो लिहून देत नसेल तर मशीन उचला आणि चालू लागा. आणि त्याने खरंच फॉरमॅट न करता चालू करून दिलं तर त्याला फॉरमॅटपेक्षा दोनशे जास्त द्या. हसत द्या.

कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच की बॅकअप ठेवायला काय झालं होतं. ठेवावाच. पण हे वाक्य त्या मुलीच्या वडिलांना तोंडावर म्हणून दाखवा. त्यांनी नोंदी वहीतून एक्सेलमध्ये आणल्या कारण सगळे म्हणत होते डिजिटल व्हा. त्यांच्या बाजूने काम चोख होतं.

तिने आता पुन्हा उबुंटू टाकलंय. या वेळी भावाला शेजारी बसवून यूईएफआयची यादी दाखवली, आणि रिकव्हरी की देवघराच्या फळीखालच्या डब्यात ठेवली आहे. फवारणीच्या नोंदी औषधांच्या बिलांवरून पुन्हा लिहिणं चालू आहे. पहिल्या हंगामाची अर्धी बिलं सापडत नाहीयेत.

ज्यांच्याकडे असं काळ्या स्क्रीनवर अडकलेलं मशीन पडून आहे त्यांनी स्क्रीनचा फोटो कमेंटमध्ये टाका, मॉडेलचं नाव लिहा. मी बघतो, मला नाही कळलं तर इथे कळणारे बरेच आहेत. सोबत ८ जीबीचा एक रिकामा पेन ड्राइव्ह आणून ठेवा. आणि तोवर दुकानात नेऊ नका.